एक छायाचित्र, सहा चिठ्ठ्या: लिटल रॉकचा तास असा घ्या

चला, नववी-दहावीच्या वर्गात जाऊ या. लागोपाठच्या दोन तासिका मागून घ्या. अमेरिकी शाळांमधला वर्णभेद हा अख्खा विषय उचलू नका, एकच शाळा धरा: आर्कन्सा राज्यातल्या लिटल रॉकचं सेंट्रल हायस्कूल.

१. एलिझाबेथ एकफर्डचं छायाचित्र मोठं छापून घ्या. विल काउंट्स यांनी ४ सप्टेंबर १९५७ला टिपलेलं. मोबाइल वर्गात फिरवू नका, मागच्या बाकापर्यंत लक्ष टिकत नाही.

२. चित्राखालची माहिती दुमडून टाका.

३. चित्र फळ्यावर लावून दोन मिनिटं गप्प उभे राहा. ‘बघा, केवढा अन्याय!’ असं तुम्ही म्हणालात, की पुढचा तासभर मुलं तेच म्हणत राहतील.

४. ‘काय दिसतंय?’ विचारा आणि उत्तरं फळ्यावर दोन रकान्यांत लिहा: दिसलेलं डावीकडे, अंदाज उजवीकडे. ‘मागची मुलगी ओरडतेय’ हे डावीकडे. ‘पुढची घाबरलीय’ हे मात्र उजवीकडे, कारण गडद चष्म्यामागचे डोळे दिसतच नाहीत. इथे घाई नको. सगळ्या तासाचा पाया हाच आहे.

५. आता तिची ओळख सांगा. वय १५. गोऱ्यांच्या या शाळेत प्रवेश मिळालेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांपैकी एक. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं, पण एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचला नाही, ती एकटीच आली. सैनिकांनी तिला आत जाऊ दिलं नाही. एवढं सांगून थांबा. वर्ग शांत झाला तर ती शांतता लगेच बोलून भरू नका.

६. प्रत्येक गटाला या सहा चिठ्ठ्या द्या, तारखा न लिहिता:
– शाळांमध्ये वर्णावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१७ मे १९५४)
– राज्याचे गव्हर्नर फॉबस यांचे नॅशनल गार्डचे सैनिक एलिझाबेथला अडवतात (४ सप्टेंबर १९५७)
– नऊ जण आत शिरतात, पण बाहेरच्या जमावामुळे त्यांना काही तासांत बाहेर काढावं लागतं (२३ सप्टेंबर)
– राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेलं लष्कर त्यांना वर्गात पोचवतं (२५ सप्टेंबर)
– नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन शाळेच्या पदवीदान समारंभात (मे १९५८)
– शहरातली सरकारी हायस्कुलं वर्षभर बंद (१९५८-५९)

७. चिठ्ठ्या क्रमाने लावायला सांगा. बहुतेक गट न्यायालयाचा निकाल शेवटी ठेवतील. लगेच सुधारू नका. दुसऱ्या गटाची मांडणी बघून यायला पाठवा.

८. तारखा फळ्यावर लिहा.

९. विचारा: ‘निकाल १९५४चा, मग १९५७ला दारात सैनिक कशाला?’ खरा तास इथे सुरू होतो. दोन्ही वेळचे सैनिक कुणाच्या हुकुमावर आले, हे मुलांकडूनच काढून घ्या, नाहीतर गोंधळ राहतो.

१०. दाराच्या आतलं वर्षही सांगा. रोजचा छळ, ढकलाढकली. नऊ जणांतल्या मिनीजीन ब्राउनला फेब्रुवारी १९५८मध्ये शाळेतून काढलं. लष्कर आलं आणि प्रश्न मिटला, असा समज घेऊन एकही मूल घरी जायला नको.

११. ‘सर, आपल्याकडेही असंच होतं ना?’ हा प्रश्न येणारच. ‘हो’ म्हणा. बाबासाहेबांना शाळेत वेगळं बसवलं जात होतं, हे सरळ सांगा. मात्र कुणाही मुलाकडे वळून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका, त्याच्याकडे बघूही नका. तो आपणहून बोलला तरच ऐका.

१२. प्रत्येकाला दहा ओळींचं पत्र लिहायला लावा: त्या रस्त्यावर गप्प उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला. ‘मी एलिझाबेथ’ असा निबंध नको, सगळ्यांचे अश्रू एकसारखे निघतात. जमावाचं नाटक तर मुळीच बसवू नका. शिव्या देणं आणि खाणं हा मुलांच्या वाट्याला येण्याजोगा अभ्यास नव्हे.

१३. पत्रं गोळा करा. मोठ्याने वाचायचं असेल त्यानेच वाचावं, आणि यावर गुण देऊ नका.