मोत्याचा पाय

वाघोटन खाडीच्या खडकावर कालवाच्या धारेने आमच्या मोत्याचा पंजा कापला. तो सारखा चाटू लागला. आजी म्हणाली, "चाटल्यार बरा होता." पण जखम ओलीच राहिली, लाल झाली.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, चाटून खपली निघते, तोंडातले जंतू जखमेत जातात. बाबांनी पंजा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतला, कोरडा केला, सैल पट्टी बांधली. ती रोज बदलली. मी पुठ्ठ्याचा कर्णा करून मोत्याच्या गळ्यात घातला. जेवताना तेवढा काढायचो. आठ दिवसांत तो धावू लागला.

मुलांनो, आपल्या जखमेला कुत्र्याची लाळ लागली किंवा कुत्रा चावला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. लगेच दवाखान्यात जा. रेबीजला औषध नाही, पण वेळेवर घेतलेली लस वाचवते.