शून्य नेमकं कशाचं?

चि. भाचीस,


भारतीय महिला संघाच्या चाहत्यांसाठी काढलेल्या तुझ्या साइटवर टी-ट्वेंटी विश्वचषकाचं उलटं मोजणारं घड्याळ लावायचंय, आणि ‘मावशी, कोड पाठव’ असा हुकूम आलाय. कोड दहा-पंधरा ओळींचा असतो, तो तुला कुठेही मिळेल. मी त्याच्या आधीचं लिहिते, कारण अशी घड्याळं बहुतेक वेळा फसतात ती शून्य कशाचं हे कुणी ठरवलेलंच नसतं म्हणून.

स्पर्धा १२ जून २०२६ ला इंग्लंडमध्ये सुरू होते. पण तुझ्या वाचकांचा जीव १२ तारखेत नाही. आपला पहिला सामना १४ जूनला, एजबॅस्टनवर, तोही पाकिस्तानशी. घड्याळ त्याचं लाव. मग पुढचा प्रश्न, नाणेफेकीचं की पहिल्या चेंडूचं? दोन्हींत साधारण अर्ध्या तासाचं अंतर असतं. माझं मत पहिल्या चेंडूच्या बाजूने. तू काहीही निवड, पण घड्याळाखाली स्वच्छ लिही: ‘पहिला चेंडू पडायला उरलेला वेळ’. नुसते आकडे पळताना बघून माणूस भलतंच समजून बसतो.

आता खरी गोची. २ नोव्हेंबर २०२५ आठव. डी. वाय. पाटीलवर आपण दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक घेतला तो दिवस. सामन्याची ठरलेली वेळ दुपारी ३. आपल्याला सरळ वाटतं, पण नेमक्या त्याच रात्री अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. ३० ऑक्टोबरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य फेरीही ३ वाजताचीच होती. ती न्यू जर्सीत पहाटे साडेपाचला होती, तर अंतिम सामना साडेचारला. कॅलिफोर्नियात तर आणखी गंमत. तिथे त्या रात्री दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर आलं, म्हणजे ‘रात्री दीड’ दोनदा वाजला, एकदा आपल्याकडे दुपारचे २ असताना आणि एकदा ३ असताना. तिथल्या मराठी माणसाला कुणी ‘दीडला टीव्ही लाव’ असं सांगितलं असेल, तर कुठल्या दीडला? ब्रिटनने मात्र आपली घड्याळं २६ ऑक्टोबरलाच मागे घेतली होती, त्यामुळे तिथे दोन्ही सामने सकाळी साडेनऊलाच.

म्हणून सामन्याची वेळ एकाच रूपात साठव, यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. वाचकाच्या गावचे किती वाजले हे त्याचा ब्राउझर बघून घेईल. आणि आज जानेवारीत लंडनचं घड्याळ उघडून बोटांवर फरक मोजू नकोस. आत्ता ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, जूनमध्ये साडेचार तास असेल. जावास्क्रिप्टची एक खोडही ध्यानात ठेव. नुसती ‘२०२६-०६-१४’ अशी तारीख दिलीस तर ती यूटीसीची मध्यरात्र धरते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. त्याच तारखेपुढे वेळ लिहिलीस पण यूटीसीचा फरक लिहिला नाहीस, तर बघणाऱ्याची स्थानिक वेळ धरते. मग सांगलीतला वाचक एक शून्य बघतो, सॅन होजेतला दुसरं, आणि तुला दोघांच्याही तक्रारी येतात.

दर सेकंदाला आकड्यातून एक वजा करत बसू नकोस. दर वेळी नव्याने हिशेब कर: सामन्याची वेळ वजा आत्ताची वेळ. टॅब मागे पडला की ब्राउझर टायमर मंदावतो, आणि एकेक वजा करत चालणारं घड्याळ तेवढं मागे राहतं.

सेकंद दाखवायचेच का? पाच महिने आधी सेकंद पळवणं मला नाटकी वाटतं. दिवस आणि तास पुरेत, शेवटच्या दिवशी सेकंद दाखव. मराठी आकडे वापरशील तर प्रत्येकाला ठरावीक रुंदीची चौकट दे, नाहीतर पुष्कळ फॉन्टांत १ बारीक नि ८ रुंद असल्यामुळे सगळी ओळ थरथरते. आणि स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या वाचकाला प्रत्येक सेकंद ऐकवू नकोस, वैतागेल.

शून्य जागचं हलतं, हेही धरून चाल. २ नोव्हेंबरच्या त्याच अंतिम सामन्यात पावसाने दोन तास खाल्ले आणि खेळ ५ वाजता सुरू झाला. २०२३ मध्ये अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला. २०२५ ची आयपीएल मे महिन्यात मध्येच थांबली आणि २५ मेचा अंतिम सामना ३ जूनला झाला. तेव्हा वेळ एकाच ठिकाणी लिहिलेली असू दे, फोनवरून बदलता येईल अशी, आणि शेजारी एका ओळीच्या सूचनेला जागा ठेव. ‘पावसामुळे उशीर’ एवढे दोन शब्द पुरतात. मोठ्यांचीही फजिती होते बरं. लंडन ऑलिंपिकसाठी ट्रॅफल्गार चौकात मार्च २०११ मध्ये उभं केलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं होतं.

शून्यानंतरचंही आत्ताच लिहून ठेव. पुष्कळ घड्याळं तिथून उणे आकड्यांत घसरतात किंवा चार शून्यं दाखवत महिनोन्‌महिने लटकतात. तुझ्या घड्याळाने आधी ‘सामना सुरू’ म्हणावं, आणि सामना संपल्यावर पुढच्या सामन्याकडे वळावं. साखळीतले सगळे सामने एकदाच भरून टाक.

तपासायला फोनची तारीख १४ जून कर, टाइम झोन लॉस एंजेलिसचा ठेव, आणि सामन्याच्या दोन मिनिटं आधीपासून बघत बस. मात्र त्यासाठी तुझ्या आईचा फोन घेऊ नकोस. गेल्या वेळी तिचे दुधाचे, औषधांचे सगळे गजर भलत्या वेळी वाजले आणि बोलणी मला खावी लागली.

तुझी,
मावशी