मोटारीचा कापडी टप

छत्रीचे कापड फाटले म्हणजे आपण ती छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे नेतो. तो प्रथम काय करतो, हे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? तो कापडाकडे मागाहून वळतो. आधी छत्री उघडून तिच्या काड्या एकेक तपासतो, वाकलेली काडी सरळ करतो, निखळलेली जागच्या जागी बसवितो, आणि मगच कापडास हात घालतो. हा साधा क्रम ज्यास समजला त्यास प्रस्तुत लेखाचे अर्धे सार समजले. जुन्या उघड्या मोटारीचा कापडी टप बदलणे म्हणजे एका मोठ्या छत्रीस नवे कापड चढविणे होय. फरक एवढाच की, ही छत्री धावत्या वाऱ्याशी झुंजते, आणि तिच्याखाली सबंध कुटुंब विश्वासाने बसलेले असते.

मोटार निघाली तेव्हा तिने आपले रूप घोडागाडीपासून घेतले. टांग्याचा टप आपल्या आजोबांच्या परिचयाचा होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचा मागे दुमडणारा टप तर सर्वांनाच ठाऊक होता; त्या गाड्या २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर रस्त्यावरून गेल्या. प्रारंभीच्या मोटारी बहुतेक अशाच उघड्या असत. १९०८ साली निघालेली फोर्डची मॉडेल टी ही सुप्रसिद्ध मोटारसुद्धा पुष्कळ वर्षे मुख्यत्वे कापडी टपाचीच विकली जाई. पुढे पोलादी पत्रा साच्यात दाबून मोठे भाग करण्याची कला वाढली, बंद मोटारी स्वस्त झाल्या, आणि १९२० चे दशक संपता संपता उघडी मोटार ही गरजेची वस्तू न राहता हौसेची वस्तू झाली. तथापि आपल्या मराठवाड्यात कापडी टप शिल्लक राहिला तो हौसेमुळे नव्हे. १९४१ पासून महायुद्धासाठी बनलेल्या अमेरिकन जीपगाडीचा नमुना पुढे मुंबईत तयार होऊ लागला, आणि ती गाडी सरकारी कचेऱ्यांतून व शेतकऱ्यांच्या वाड्यांतून खेडोपाडी पोचली. तिच्या टपास आपल्याकडे हूड म्हणतात, व तो शिवणाऱ्यास हूड-कुशनवाला म्हणतात.

या हूडासंबंधाने आमच्या घरी घडलेली एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. कळमनुरी तालुक्यात राहणाऱ्या आमच्या काकांपाशी एक जुनी जीप आहे. तिचा हूड जागोजाग विरला होता. मृगाच्या तोंडावर ते नवा हूड शिवण्यास एका वृद्ध कारागिराकडे गेले. कारागिराने जुने कापड चाचपून पाहिले व म्हटले, “पाटील, हे कापड आटलंय. याच्यावर नवं कापू नका. गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा, आधी कमानी बघतो.” काका म्हणाले, “चाचा, पेरणी तोंडावर आली. जुना हूड पसरा, त्याबरहुकूम कापा, आणि संध्याकाळपर्यंत द्या शिवून.” चाचांनी एकदा काकांकडे पाहिले, एकदा कापडाकडे पाहिले, आणि कात्री घेतली.

नवा हूड पुढील काचेच्या चौकटीस चार बोटे कमी पडला. तो ओढूनताणून हुकांत अडकविण्यात आला, तेव्हा तो ढोलक्यासारखा ताठ दिसला व आम्ही सर्वांनी वाहवा केली. आठ दिवसांनी हिंगोलीच्या बाजारातून सोयाबीनचे बियाणे घेऊन येताना वाटेत पावसाने गाठले. भिजलेले कापड आणखी आवळले, आणि मधली शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. मागे ठेवलेली पोती भिजून चिंब झाली. भिजलेले बियाणे गोणपाटावर उगवून पाहिले, ते पेरण्याजोगे राहिले नव्हते. काकांनी उसनवारी करून दुसरे आणले व पेरणी उशिरा केली. त्यांनी कोणास दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, “दोन दिवस वाचवायला गेलो आणि दहा घालवून बसलो.”

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जुन्यावर बेतलेले कापड चुकले का? कारण असे की जुना टप हा मुळात होता तसा राहिलेलाच नसतो. सुती धागा पाणी पितो तेव्हा त्याचे तंतू रुंदीने फुगतात. ताणा आणि बाणा एकमेकांवरून वळसे घेत विणलेले असतात. तंतू फुगले की प्रत्येक वळसा मोठा होतो, व तितक्या प्रमाणात कापडाची लांबी कमी होते. वाळल्यावर ते पूर्वपदावर पुरते येत नाही. अशा रीतीने वर्षानुवर्षे टप काही ठिकाणी आटतो, आणि कमानींच्या टेकांवर व कोपऱ्यांत, जेथे नित्य ओढ बसते तेथे, उलट सैल होऊन फुगतो. त्याचा नमुना धरून नवे कापड कापणे म्हणजे चुकलेल्या गणिताची वहीत स्वच्छ अक्षरांत नक्कल करणे होय. अक्षर कितीही सुंदर असो, उत्तर चुकलेलेच राहणार.

म्हणून जाणता कारागीर जुना टप फेकून देत नाही, आणि त्यावर भिस्तही ठेवीत नाही. त्याला तो साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानीत नाही. शिवण कोठे होती, दुमड किती होती, बटणे कोठे बसत, खिडकीची उंची किती, एवढे त्याला विचारतो. मापे मात्र तो गाडीच्या सांगाड्यावरूनच घेतो.

सांगाड्याची परीक्षा अशी करावी. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, कारण एक चाक खड्ड्यात असेल तर सारा सांगाडा पिळतो व मापे खोटी ठरतात. कमानी उभ्या करून पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या कमानीच्या डाव्या टोकापर्यंत दोरी ताणावी, नंतर डाव्या कोपऱ्यापासून उजव्या टोकापर्यंत. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे आपण भूमितीत शिकतो. टप पुढे किंचित अरुंद असला तरी त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यास कर्ण समानच भरतात. असमान भरले तर सांगाडा वाकडा आहे असे समजावे. तो सरळ केल्यावाचून कापडास स्पर्श करू नये. काकांच्या जीपची एक कमान वाकून मागे कलली होती, हे ही दोरी ताणल्यावरच कळले. लोखंडी कमानीचा गंज खरवडून तीस रंग द्यावा, कारण गंज कापडास खातो. जुन्या मोटारींत कमानी पुष्कळदा लाकडी असतात. कुजलेले लाकूड खिळा धरीत नाही, तेव्हा तेवढा भाग बदलावा. दुमडणाऱ्या टपात कमानी एकमेकींपासून ठराविक अंतरावर राहाव्यात म्हणून जाड विणीचे पट्टे ठोकलेले असतात. ते लांबले असतील तर नवे घालावेत. कमानी जागेवर ठेवण्याचे काम पट्ट्यांचे आहे, टपाच्या कापडाचे नव्हे.

कापड कोणते घ्यावे, याचे उत्तर गाडीवर व हवेवर अवलंबून आहे. जीपला जाड सुती किरमिजी किंवा ताडपत्रीचे कापड चालते. याचा एक गुण असा की ते भिजले की फुगलेले धागे विणीतील छिद्रे आपोआप बुजवितात. म्हणूनच पाऊस पडत असताना तंबूच्या कापडास आतून बोट लावू नये, असे सांगतात. बोट लागले तेथे पाण्याचा पडदा मोडतो व थेंब आत ओघळतो. दुसरा प्रकार रबरी कापडाचा. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य कापड करण्याचे पेटंट घेतले. ते उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक होई. पुढे रबरात गंधक मिसळून तापविल्यास हा दोष जातो असे आढळले, आणि चार्ल्स गुडइयर यांना त्याचे अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळाले. उंची मोटारींच्या टपाचे कापड आजही याच तत्त्वावर, दोन कापडांमध्ये रबर अशा तीन थरांचे असते. तिसरा प्रकार रेक्झिनचा. ते स्वस्त असते व पाणी आत येऊ देत नाही, परंतु आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास कडक होऊन तडकते.

सुती कापड घेतल्यास ते कापण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. हातभर तुकडा कापून त्याची लांबी टिपून ठेवावी, तो पाण्यात भिजवून उन्हात वाळवावा व पुन्हा मोजावा. जितका आटला तितकी सूट साऱ्या टपास द्यावी, किंवा सबंध कापडच आधी भिजवून वाळवून घ्यावे. शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयीचा दृष्टांत आपण वर्गात ऐकला आहे. ज्यांना तो सांगितला गेला त्यांना हे शिवणकाम घरोघर ठाऊक होते, आणि म्हणूनच तो त्यांच्या मनास तत्काळ पटला असला पाहिजे.

आता बेतणे व शिवणे. कापडाचा ताणा गाडीच्या लांबीच्या दिशेने घ्यावा. तिरका घेतल्यास कापड सरकते व टप एका बाजूस ओघळतो. कापडाच्या मध्यावर आणि प्रत्येक कमानीच्या मध्यावर खडूची खूण करावी. या खुणा जुळल्या म्हणजे निम्मे काम झाले. एका पट्टीची कड दुसरीवर कौलांप्रमाणे चढवावी, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता वरून निघून जाईल. चढलेली कड मागच्या बाजूस उघडी असावी, नाहीतर धावत्या गाडीचा वारा तीत शिरेल. दोरा असा निवडावा की ज्याच्या गाभ्यात बळकट पॉलिएस्टर व वरून सूत आहे. ते सूत भिजून फुगते व सुईची छिद्रे भरते.

चढविताना घाई करू नये. प्रथम मागील कड मध्यबिंदूपासून दोन्हीकडे आळीपाळीने, कच्ची टाचावी. मग पुढची कड, आणि शेवटी बाजू. सर्वत्र सुरकुती गेली व खुणा जुळल्या, की मगच पक्के खिळे, रिव्हेट किंवा टिचबटणे लावावीत. रेक्झिन असेल तर ते उन्हात मऊ झाल्यावर चढवावे. सुती कापड कोरडे असताना हाताच्या ओढीने ताठ व्हावे, त्याहून अधिक ताणू नये. पुढच्या पावसासाठी त्यास थोडी जागा ठेवावी.

टप चढविल्यावर काही दिवस तो उभाच ठेवावा, म्हणजे कापड कमानींवर बसते. ओला टप कधीही दुमडू नये, बुरशी लागते. मागील पारदर्शक खिडकी दुमडताना मध्ये मऊ फडके घालावे. डाग काढण्यास रॉकेल वा पेट्रोल वापरू नये, त्याने रबर फुगून खराब होते. घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट अशी: सुती कापडाचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवावा, मग तुरटीच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळवावा. धाग्यांत न विरघळणारा एक साबण तयार होतो, आणि वर टाकलेला पाण्याचा थेंब शोषला न जाता मोत्यासारखा घरंगळतो.

काकांच्या जीपचा दुसरा हूड त्याच चाचांनी शिवला. या वेळी गाडी दोन दिवस त्यांच्या दारात उभी होती. पहिला दिवस त्यांनी कापडास हातही लावला नाही. कमान सरळ केली, दोरी ताणली, खुणा केल्या. काका शेजारी बसून दोरीचे दुसरे टोक धरीत होते. त्यानंतर कयाधूला पूर आणणारे पाऊस त्या हूडावरून गेले, पण आतले पोते भिजले नाही. बालमित्रहो, दुसऱ्याची वही पाहून उत्तर उतरविण्याचा मोह जेव्हा होईल, तेव्हा चार बोटे कमी पडलेल्या त्या हूडाचे स्मरण करा, आणि मापे मूळ सांगाड्यावरूनच घ्या.