विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास

यवतमाळहून वणीकडे, दारव्ह्याकडे किंवा नागपूरकडे, कोणत्याही रस्त्याने निघा. वाटेत पेट्रोलपंप लागतात आणि पंपामागे बहुधा कपाशीचे नाहीतर तुरीचे शेत असते. शेतात विहीर असते. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली, आणि विहिरीचे पाणीही जमिनीतूनच येणारे. या दोघांची गाठ पडली तर ती सोडवता येते का?

प्रथम थोडे गणित करू. समजा, २०,००० लिटरची लोखंडी टाकी आहे. आडव्या पिंपासारखी, २ मीटर व्यासाची व सुमारे ६.४ मीटर लांबीची. वर्षानुवर्षे ओलीत राहून तिला गंज चढला, बारीक छिद्र पडले आणि सेकंदाला एक थेंब गळू लागला. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला ४.३ लिटर आणि वर्षाला जवळजवळ १,६०० लिटर पेट्रोल जमिनीत जाईल. पंपावर टाकीत गज बुडवून साठा मोजतात. त्याला 'डिप घेणे' म्हणतात. अर्ध्या भरलेल्या टाकीतून ४.३ लिटर गेले तर पातळी किती उतरेल? मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश! गजावर ते दिसणार कसे? शिवाय उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते, थोडे उडूनही जाते. या घटबढीत गळती बेमालूम लपते. म्हणून पुष्कळदा पहिली खबर देते ती शेजारची विहीरच.

यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम व मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण असा थर आढळतो. पेट्रोल मातीच्या भेगांतून व मुरमातून खाली उतरते आणि पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगत राहते. उन्हाळ्यात भूजलाची पातळी खाली जाते, तसे तेही खाली जाते. पावसाळ्यात पातळी चढली की वर येते. पण सगळे येत नाही. काही भाग कणांना चिकटून मागे राहतो. काचेच्या बरणीत वाळू व पाणी घेऊन वर हळद कालवलेले गोडेतेल ओता, रबरी नळीने तळाचे पाणी काढा आणि पुन्हा हळूहळू भरा. पिवळी पडलेली वाळू पाहून हे लगेच पटेल. (प्रयोगाला पेट्रोल किंवा रॉकेल मुळीच घेऊ नका.)

खरी भीती तरंगणाऱ्या पेट्रोलपेक्षा विरघळणाऱ्या भागाची. पेट्रोलमध्ये बेंझीन हे संयुग असते. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडील बीएस-६ पेट्रोलमध्ये ते आकारमानाने १ टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. भागाकार करा: सगळे बेंझीन विरघळले, तर एका लिटर पेट्रोलने ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचते! प्रत्यक्षात बरेचसे उडून जाते, तरी आकडा विचार करायला लावणारा आहे. आणि नाकावर विसंबून चालत नाही. नुसत्या बेंझीनचा वास पाण्यात कळेपर्यंत त्याचे प्रमाण मर्यादेच्या शेकडो पट झालेले असू शकते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे उपकरण लागते. नागपूरच्या 'नीरी'सारख्या संस्थांत ते असते.

हे सारे कल्पनेतले नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट वस्तीत जमिनीखालची तेलवाहिनी गळून घरोघरच्या पाण्यात पेट्रोलियम उतरले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

आता सफाई. टाकी रिकामी करून गळती थांबवायची, हे उघडच आहे. मग विहिरीवर तरंगणारा थर पंपाने उपसायचा. या वेळी विहिरीत उतरणे किंवा काडी ओढणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि विहिरीत साचून राहते. मुरमातील वाफ बोअरमधून शोषून घेता येते. उरलेले काम जीवाणूंचे.

मातीतील कित्येक जीवाणू हायड्रोकार्बन खातात. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेलभक्षक जीवाणू घडवला आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट देता येते असा निकाल दिला. तेव्हापासून असा खास जीवाणू आणून सोडला की काम झाले, अशी समजूत आहे. मला ती अर्धवट वाटते. जीवाणू बहुधा जागेवर असतातच, अडते ते हवेपाशी. एक किलो हायड्रोकार्बनच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळजवळ १५ किलो हवा. मोटारीच्या इंजिनालाही एक किलो पेट्रोल जाळायला साधारण तेवढीच हवा लागते! हाच ऑक्सिजन पाण्यात विरघळवून पोचवायचा, तर लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. एका किलोसाठी चार लाख लिटर पाणी हवे. म्हणून पाणी सोडण्यापेक्षा हवाच फुंकतात.

मुरमात हे जमते. ओली काळी माती मात्र फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि हवा आत शिरत नाही. अशी माती खणून प्लॅस्टिकच्या जाड कापडावर पसरावी लागते. तिच्यात भुसा किंवा लाकडाचा चुरा मिसळतात. आपल्याकडे पऱ्हाट्यांचा चुराही चालावा. नत्र-स्फुरदासाठी थोडा युरिया व सुपरफॉस्फेट, बेताची ओल आणि अधूनमधून उलथापालथ. शेतकऱ्याच्या मुलांना यात नवीन काय? डिझेलने माखलेली माती अशी काही महिन्यांत बरीच सुधारते. पेट्रोल मात्र उलथताना नुसते हवेत उडते. तेथे झाकण घालून वाफ कोळशाच्या गाळणीतून न्यावी लागते.

पाषाणाच्या फटींत गेलेले तेल सर्वांत चिवट. तेथे भोवती निरीक्षण-विहिरी खणून वर्षानुवर्षे नमुने तपासत राहावे लागते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बहुतेक उपसले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. तेथील जमीन पाषाणाची नाही, मोकळ्या वाळूची आहे. तरीही शास्त्रज्ञ १९८३ पासून तेथे जीवाणूंचे काम मोजत आले, आणि तीस वर्षांनंतरही भूजलावर तेल तरंगतच होते.