टाक्यांचा दोरा



औषधांच्या यादीत टाक्यांचे इतके प्रकारचे दोरे कशाला, असे आपल्यापैकी काहींनी विचारले, म्हणून हे लिहिते.

कातडीवरची जखम मी बहुधा नायलॉनने शिवते. तो एकपदरी व गुळगुळीत, त्यात जंतूंना थारा कमी. मात्र गाठ सुटू पाहते, म्हणून जास्त गाठी माराव्या लागतात. रेशमाची गाठ घट्ट बसते, हाताला ते फार सोयीचे. पण विणलेले असल्याने ओल आणि जंतू आत ओढते. कोयत्याच्या मातकट जखमेला मी ते लावत नाही.

नायलॉनचे टाके काढावे लागतात: चेहऱ्यावरचे सुमारे ५ दिवसांनी, हातापायाचे १० ते १४ दिवसांनी. इथेच अडते. भातलावणीच्या दिवसांत वरच्या पाड्यावरची बाई तेवढ्यासाठी डोंगर उतरत नाही, मजुरी बुडते. टाके तसेच राहिले की व्रण पडतात, कधी पू धरतो. अशा वेळी कातडीलाही मी विरघळणारा दोरा घेते.

बाळंतपणात फाटलेल्या जागेला तर तोच हवा. जनावरांच्या आतड्यापासून केलेले साधे कॅटगट ७ ते १० दिवसांत जोर सोडते आणि दुखतेही जास्त. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा कृत्रिम दोरा दोन-तीन आठवडे धरून ठेवतो, मग दोन-तीन महिन्यांत विरघळतो. तो महाग आहे, तरी यादीत तोच सर्वांत वर लिहिला आहे.

दोरा पाठवताना पाकिटावरची मुदत पाहावी. फुटलेले पाकीट कितीही चांगले दिसले तरी आम्हांला टाकूनच द्यावे लागते.