धारावी बेट आणि इ. स. १७३९ चे वर्ष

भाईंदर पश्चिमेस श्री धारावी देवीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी, वेळ असल्यास, पुढे चौक गावापर्यंत अवश्य जावे. तेथील उंचवट्यावरून खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. हे अंतर एकदा डोळ्यांनी मोजले, म्हणजे या लहानशा ठाण्यासाठी एवढे रक्त का सांडले, हे वेगळे सांगावे लागत नाही. (मुंबईतील धारावी ती निराळी, भाईंदर ते उत्तन हा डोंगराळ पट्टा म्हणजे जुने धारावी बेट.)

गुजरातच्या सुलतानाकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे या मुलखात देवळे पाडली गेली, उघड पूजाअर्चेस बंदी आली. ही गाऱ्हाणी अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांच्या कानी घातली आणि १७३७ मध्ये श्रीमंत चिमाजीअप्पांची मोहीम सुरू झाली. ठाणे व घोडबंदर मराठ्यांकडे आले. वसई मात्र हाती लागेना. तिच्या तीन बाजू पाण्याच्या होत्या, आणि त्या पाण्यावरून तिला धान्य व दारूगोळा मिळत होता. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी धारावी म्हणूनच दोन्ही पक्षांना हवी होती. तिचा ताबा एकदा इकडे, एकदा तिकडे असा फिरत राहिला.

१७३९ चे वर्ष उजाडले ते चहूबाजूंच्या धामधुमीतच. फेब्रुवारीत नादिरशहाने कर्नाळ येथे मोगल बादशहाचा पराभव केला, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. थोरल्या बाजीरावांचे लक्ष उत्तरेकडे लागले. वसईचे काम लवकर उरकणे भाग होते. गोव्यात व्यंकटराव घोरपडे यांच्या स्वारीमुळे तेथील पोर्तुगीज गुंतून पडले. जानेवारीत तारापूर पडले. तेथे बाजी भिवराव धारातीर्थी पडले. त्यानंतर वेसावे आणि धारावी घेतल्यावर वसईचा गळफास खऱ्या अर्थाने आवळला.

अखेरचा हल्ला मे महिन्यात झाला. तटाखाली सुरुंग उडवले. काही सुरुंग उशिरा उडून चढाई करणारे आपलेच लोक त्यात मेले. मराठ्यांची हानी हजारोंच्या घरात गेली. १६ मे रोजी तह झाला व २३ मे रोजी पोर्तुगीज सैन्य बाहेर पडले.

तहाच्या अटींकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. एवढ्या हानीनंतरही शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माची मोकळीक दिली. उत्तन, डोंगरी व चौक येथे ख्रिस्ती बांधवांची वस्ती आजही आहे.

विजयासाठी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता, अशी परंपरा आहे; विजयानंतर तेथे मंदिर बांधले गेले. वसई प्रांतातील चर्चच्या घंटाही ठिकठिकाणच्या देवालयांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक.