दिवसाला किती पडतं? विद्याधर नगरातल्या मराठी घरासाठी आरोग्याचा हिशेब

मेथीच्या कॅप्सूलची एक बाटली घ्या. साठ कॅप्सूल, किंमत ३०० रुपये, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम मेथी. म्हणजे अख्ख्या बाटलीत मेथी फक्त ३० ग्रॅम. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून १२० रुपये किलोने मेथीदाणा आणला, तर तेवढ्याच मेथीला तीन रुपये साठ पैसे पडतात. उरलेले २९६ रुपये कशाचे, हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

‘नैसर्गिक’ म्हणून विकत घ्यायच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. अभ्यासात ज्या मात्रेने फरक दिसला ती मात्रा किती? त्या मात्रेला दिवसाला किती रुपये पडतात? आणि ती कोणी घेऊ नये? इथे दिलेले भाव हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव घालून गणित पुन्हा करा.

चालणं : दिवसाला सात रुपये

जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचं नाव आपल्या वसाहतीला आहे. तिचा आराखडा १९८०च्या दशकात केला बाळकृष्ण दोशींनी, ज्यांचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. जुन्या शहरातल्या चौकड्यांची रचना त्यांनी इथे डोळ्यांसमोर ठेवली होती. सेक्टरच्या आतले रस्ते आजही पायी फिरायला बरे आहेत, आणि त्यांना फी नाही.

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. २०२२ साली १५ अभ्यासांतल्या सुमारे ४७ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार आणि त्याहून तरुणांना आठ ते दहा हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, पुढे फारसा नाही, असं दिसलं. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं रमतगमत चाललं तरी साखरेची चढण कमी होते. आपल्याकडची शतपावली दुसरं काय आहे?

खर्च फक्त बुटांचा. २,५०० रुपयांचा जोड वर्षभर चालला तर दिवसाला सात रुपये. मे-जूनमध्ये सकाळी सातच्या आत घरी परता. नंतरचं ऊन अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

योगवर्ग लावायचा असेल तर आधी चार दिवस बसून पाहा आणि महिन्याचेच पैसे भरा. वर्षाची सवलत ही बहुतेकदा मार्चपासून न येणाऱ्यांच्या जिवावर दिलेली असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगकेंद्र आणि जिम यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावती मागा आणि कर किती लावला ते बघा.

किराणा : रुपयांतली औषधं

मेथी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८०-९०च्या सुमारास मधुमेहींवर मेथीदाण्याचे अभ्यास झाले. तिथल्या मात्रा रोज २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होत्या. आपण चिमूटभर भिजवून ‘मेथी घेतो’ म्हणतो, त्यातला आणि अभ्यासातला फरक लक्षात असू द्या. घरात १० ग्रॅमपासून सुरुवात करा, दिवसाला सव्वा रुपया. कॅप्सूलमधून हीच मात्रा हवी असेल तर रोज वीस कॅप्सूल गिळाव्या लागतील, १०० रुपयांच्या. साखरेची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणी औषध म्हणून मेथी नको.

इसबगोल. हे पीक राजस्थानचंच, जालोर-बाडमेरकडचं, आणि ते जगभर जातं. बद्धकोष्ठासाठी आपण ते ओळखतो, पण त्याचा विद्राव्य तंतू रोज सात ग्रॅम पोटात गेला तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हेही सिद्ध आहे. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने १९९८ सालीच वेष्टनावर ‘हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो’ असं लिहायला परवानगी दिली. त्यासाठी साधारण १० ग्रॅम भुसी लागते. किलोला हजार रुपये धरले तरी दिवसाला दहा रुपये. चव लावलेल्या, साखर घातलेल्या डब्यात भुसी किती टक्के आहे ते आधी वाचा. पेलाभर पाण्याबरोबरच घ्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

मीठ. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठातला चौथा हिस्सा पोटॅशियमच्या मिठाने बदलला, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. चौघांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर महिन्याला ६०० ग्रॅम मीठ लागतं. ‘लो सोडियम’ मीठ किलोला ६० रुपये असलं तरी अख्ख्या घराला महिन्याचे ३६ रुपये. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका, कारण पोटॅशियम साठून हृदयावर बेततं. सैंधव ही वेगळी गोष्ट. ते महाग असलं तरी मुख्यतः सोडियमचंच मीठ आहे.

पंसाऱ्याकडे काय मागायचं?

इथल्या पंसाऱ्याचं दुकान म्हणजे आपलं काष्ठौषधीवाल्याचं दुकान. नावं मात्र बदलतात आणि घोटाळा होतो. हिरड्याला हरड़, बेहड्याला बहेड़ा, ओव्याला अजवायन, जवसाला अलसी, ज्येष्ठमधाला मुलेठी, गुळवेलीला गिलोय म्हणायचं. सातू मागितलं तर सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, हातात पडेल. जव हवे असतील तर ‘जौ’ म्हणा. शक्यतो अख्खं घ्या आणि घरी कुटा, कारण भेसळ पुडीत लपते, अख्ख्या हिरड्यात लपत नाही.

वैद्य गाठायचा असेल तर

जोरावरसिंह दरवाजाजवळ, आमेर रोडवर राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. केंद्र सरकारने १९७६ साली स्थापलेल्या या संस्थेला २०२० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्याधर नगरातून हे अंतर रिक्षाने काही मिनिटांचं आहे, आणि शिकवणारे वैद्य बाह्यरुग्ण विभागात बसतात. खासगी पंचकर्माचं ‘पॅकेज’ घेण्याआधी इथला दर विचारून या, म्हणजे तुलनेला एक आकडा हाताशी राहील.

खासगी ठिकाणी चार गोष्टी लिहून मागा : किती बसण्या, प्रत्येकीचे किती, तेल आणि औषधं त्यात धरली आहेत का, आणि मधेच सोडलं तर पैसे परत किती. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायचं आहे, पण बहुतेक पॉलिसींत ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांपुरतं असतं. संध्याकाळी जाऊन घेतलेलं मालिश त्यात बसत नाही.

जिथे पाकीट आवळून धरावं

अश्वगंधेला इकडे नागोरी असगंध म्हणतात. ताण आणि झोप यांवर तिचे काही अभ्यास आहेत, पण ते लहान आणि बहुतेक दोन-तीन महिन्यांचे. त्यांत अर्क वापरला होता, त्यामुळे त्या मात्रेचा हिशेब साध्या चूर्णाला लावता येत नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. २०२३ साली डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. गरोदर बायका, थायरॉइडचे आणि यकृताचे रुग्ण यांनी ती घेऊ नये. इतरांनीही आठ आठवडे घेऊन फरक वाटला नाही तर थांबावं.

गुळवेलीचंही तेच. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी ती घराघरांत उकळली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद राहू द्या, पण यकृत आधीच दुखावलेलं असेल तर हा प्रयोग स्वतःवर करू नका.

‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहिलेली जाहिरात दिसली की पान उलटा. १९५४च्या जादूटोणाछाप औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने असा दावा करायलाच बंदी आहे. वेष्टनावर औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि अन्नपदार्थ असेल तर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक शोधा. ग्रॅममागे किंवा नगामागे किंमत छापणं आता बंधनकारक आहे. आपला सगळा हिशेब त्या एका ओळीवर होतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि फोन करताना पावती समोर ठेवा.

महिन्याची बेरीज

एका माणसाचे बूट २१० रुपये, मेथी ३६, इसबगोल ३००, आणि घरभराचं मीठ ३६. सगळं मिळून ५८२ रुपये, म्हणजे दोन बाटल्या कॅप्सूलपेक्षाही कमी.

यात एक रकाना मोकळा सोडलाय, तो तपासणीचा. साखर आणि रक्तदाब मोजल्याशिवाय मेथीने काय केलं ते कळणार कसं? राजस्थानात सरकारी रुग्णालयांत २०११ पासून औषधांची आणि २०१३ पासून तपासण्यांची मोफत योजना आहे, आणि शास्त्रीनगरचं कांवटिया रुग्णालय आपल्याला जवळ पडतं. ओळखपत्र आणि जनआधार कार्ड बरोबर न्या. सुरू करण्याआधी एक आकडा, तीन महिन्यांनी दुसरा. दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. आकडा हलला नाही तर मेथी भाजीत घाला आणि डॉक्टरांची वेळ घ्या. चालू असलेली गोळी मात्र त्या तीन महिन्यांत एक दिवसही बंद करू नका. तो खर्च या वहीत मांडता येत नाही.